पेक्षा कमी

पिवळ्या टोपणाची नळी हातात आली की तुम्ही आधी नाव वाचता, मग वय, मग तपासणी. रात्रीचे पावणेदहा वाजलेत. पुण्यातली एक पॅथॉलॉजी लॅब, एसीची घरघर, खाली रस्त्यावर भुर्जीच्या गाडीचा तवा वाजतोय. वय २६. तपासणी: बीटा. पूर्ण नाव बीटा एचसीजी, पण इथं एवढं लांबण कुणी लावत नाही. डॉक्टर फोनवर विचारतात, ‘बीटा आली का?’ पेशंट विचारतात, ‘बीटा किती?’

हे नाव दर सोमवारी येतं. अकरा आठवड्यांपूर्वी हिचा द्राक्षगर्भ काढला. त्यात बहुतेक वेळा गर्भ धरलेलाच नसतो, नुसती वार माजते. द्राक्षांच्या घडासारखे पाण्याचे फुगे होतात आणि एचसीजी हे गर्भारपणाचं हार्मोन रक्तात धो धो ओततात. सगळं काढून टाकल्यावर आकडा उतरत जायला हवा. उतरतोही आहे: लाखांतून हजारांत, हजारांतून शेकड्यांत, मग ४१, मग १७, गेल्या सोमवारी ६.८. पाचाच्या खाली गेला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील. मध्येच अडकला किंवा वर चढला, तर कुठंतरी पेशी उरल्यात आणि वाढताहेत असा अर्थ. मग मेथोट्रेक्सेटची इंजेक्शनं.

बाहेर बाकावर हिच्या सासूबाई बसल्यात, मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास. तुम्ही नळी आत नेत होतात तेव्हा त्यांनी विचारलंच, ‘आज तरी शून्य येईल ना हो?’

‘बघू काकू,’ म्हणालात. दुसरं काय म्हणणार? इतकी वर्षं या टेबलावर काढलीत, पण बीटाच्या रिपोर्टवर शून्य छापून आलेलं तुम्ही कधी पाहिलेलं नाही.

रक्त गोठायला अर्धा तास दिला होता, तो झाला. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, समोरच्या खाचेत वजन जुळवायला पाण्याची नळी, झाकण, बटण. दहा मिनिटं. आवाज चढत जातो, एका सुरावर येऊन स्थिरावतो. तुम्ही झाकणावर तळवा टेकवता. आज तो सूर थांबत नाही. चढतच राहतो, पायाखालची फरशी गरगरते, आणि तुम्ही मागं जाता.

(वाटेत इजिप्त लागतं. गहू आणि जव लघवीनं भिजवून ते उगवतात का, हे बघत बसलेल्या बायका दिसतील. तिथं उतरू नका. गर्भचाचणीवरचा प्रत्येक लेख तिथं उतरतो.)

१९२८. बर्लिन, शारिटे हॉस्पिटल. पहिल्यांदा जाणवतो तो वास: ओला भुसा, उंदीर आणि त्यावर फॉर्मालिन. टेबलावर सकाळच्या पहिल्या लघवीची बाटली. समोर दोन डॉक्टर, सेल्मार आशहाइम आणि बेर्नहार्ड त्सोंडेक. एका बाईच्या एका प्रश्नासाठी पाच उंदरिणी लागतात, जेमतेम तीन आठवड्यांच्या, सहा ते आठ ग्रॅम वजनाच्या, अजून वयात न आलेल्या. दोन दिवसांत सहा वेळा ती लघवी त्यांच्या कातडीखाली टोचायची. पाचव्या दिवशी त्यांना मारून पोट उघडायचं.

तुमच्या हातात भिंग देतात. बीजकोश मोहरीच्या दाण्याएवढा. फिकट असेल तर बाई गरोदर नाही. पण या उंदरिणीच्या बीजकोशावर लाल ठिपके आहेत, कुणी सुईच्या टोकानं कुंकू लावल्यासारखे. बाईच्या अंगातल्या हार्मोननं, न्हाण न आलेल्या उंदरिणीला चार दिवसांत वयात आणलंय. तुम्ही रोज मशीनवर जे बघता ते हेच, फक्त इथं मशीन श्वास घेतं. आणि निकाल काहीही लागो, मरतं.

पुढं १९३१ मध्ये अमेरिकेत मॉरिस फ्रीडमननं उंदराऐवजी ससा घेतला. तिथं बाईला दिवस गेले की ‘ससा मेला’ म्हणायची पद्धत पडली. खरं तर ससा दोन्हीकडून मरायचा, कारण पोट उघडल्याशिवाय उत्तर मिळत नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बेडकिणीचं नशीब बरं. लॅन्सलॉट हॉगबेननं तिचा उपयोग ओळखला. टोचल्यावर काही तासांत ती अंडी घालायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा कामाला यायची.

पण तुम्हाला आकडा हवाय. त्सोंडेकना विचारून बघा. ते म्हणतील, लघवी पातळ करत जा आणि उंदीर कुठपर्यंत ‘हो’ म्हणतो ते बघा. द्राक्षगर्भ असेल तर पुष्कळ पातळ केल्यावरही तो ‘हो’च म्हणतो, हे बर्लिनला लवकरच उमगलं होतं. म्हणजे वरच्या टोकाला उंदीर उपयोगी. खालच्या टोकाला तो गप्प बसतो, आणि उंदराच्या गप्प बसण्याचा अर्थ हार्मोन संपलं असा होत नाही. त्याला ऐकू येत नाही, एवढाच.

हे दोघं फार काळ इथं टिकणार नाहीत. १९३३ उजाडेल, दोघंही ज्यू. त्सोंडेक स्टॉकहोममार्गे जेरुसलेमला जातील, आशहाइम पॅरिसला.

सूर पुन्हा चढतो.

१९५६. अमेरिकेतलं बेथेस्डा, सरकारी संशोधन संस्थेचं नवंकोरं हॉस्पिटल. कॉरिडॉर तुमच्या लॅबसारखाच लख्ख. एका तरुण बाईच्या छातीचे दोन एक्स-रे खिडकीच्या काचेला लावलेत. पहिल्यात फुप्फुसभर पांढरे गोळे: वारेचा कॅन्सर, कोरिओकार्सिनोमा, जो कधी कधी द्राक्षगर्भातूनच उठतो. दुसऱ्यात गोळे नाहीत. मिन च्यू ली नावाच्या चिनी डॉक्टरनं रॉय हर्ट्झच्या विभागात तिला मेथोट्रेक्सेट दिलंय. गाठीच्या रूपातला, अंगभर पसरलेला कॅन्सर नुसत्या औषधानं पुरता बरा होतो, हे तोवर कुणी पाहिलेलं नाही.

सगळे एक्स-रे बघताहेत. ली मात्र लघवीचा आकडा बघतोय. तो उतरलाय खरा, पण थोडं हार्मोन अजून उरलंय. हार्मोन आहे म्हणजे ते तयार करणारी पेशी आहे, असं त्याचं साधं गणित. म्हणून तो औषध चालूच ठेवतो. वरिष्ठांना वाटतं, एक्स-रे स्वच्छ असताना हा एका आकड्यापायी बायकांना विष पाजतोय. १९५७ मध्ये त्याला तिथून जावं लागलं.

पुढं कळलं ते असं: ज्यांचं औषध एक्स-रे बघून लवकर थांबवलं, त्यांच्यात रोग परत आला. लीनं हार्मोन नाहीसं होईपर्यंत ज्यांचा पिच्छा सोडला नाही, त्या वाचल्या. १९७२ मध्ये त्याला आणि हर्ट्झलाही लास्कर पारितोषिक मिळालं. बाहेर बसलेल्या काकूंचा प्रश्न पहिल्यांदा याच कॉरिडॉरमध्ये, याच माणसानं विचारला. आणि त्यासाठी त्यानं नोकरी घालवली. मला या सगळ्या गोष्टीत हाच माणूस सर्वांत जवळचा वाटतो. पण त्याच्याकडचं मोजमाप अजून उंदरांचंच होतं. तो ज्या शून्याच्या मागं होता ते नीट दिसेल असं साधन जगात नव्हतं.

ते त्याच वर्षांत, थोडं उत्तरेला, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात घडत होतं. माजी सैनिकांचं हॉस्पिटल. झाडू-बादल्या ठेवायच्या एका खोलीतून रोझलिन यॅलोनं इथं आपली प्रयोगशाळा थाटली. ती भौतिकशास्त्रज्ञ. जोडीला डॉक्टर सॉलोमन बर्सन. बाई गरोदर असेल तर पाचव्या महिन्यात राजीनामा द्यायचा, असा या नोकरीचा नियम. यॅलोनं तो मनावरच घेतला नाही. पाचव्या महिन्यात आठ पौंडांचं मूल जन्माला घालणारी मीच एकटी, असं ती नंतर हसत सांगायची.

दोघं मधुमेहाच्या मागं आहेत, गर्भारपणाच्या नाही. किरणोत्सर्गी आयोडीन लावलेलं इन्शुलिन रुग्णांना टोचून ते रक्तात किती वेळ टिकतं हे बघताहेत. ज्यांनी आधी इन्शुलिन घेतलंय त्यांच्यात ते जास्त रेंगाळतं, कारण त्यांच्या रक्तात इन्शुलिनला धरून बसणारी अँटिबॉडी तयार झालीय. इतक्या छोट्या रेणूविरुद्ध अँटिबॉडी होतेच कशी, म्हणून नियतकालिकांनी लेख परत पाठवला. शेवटी शीर्षकातला ‘अँटिबॉडी’ शब्द काढून १९५६ मध्ये तो छापून आला. नकाराचं पत्र यॅलोनं जपून ठेवलं आणि १९७७ मध्ये नोबेल घेताना भाषणात दाखवलं.

आता त्यांच्या टेबलाशी या. इथं जे चाललंय ते तुम्ही एसटी स्टँडवर पाहिलेलं आहे.

अँटिबॉडी म्हणजे गाडीतल्या जागा, मोजक्या, समजा चाळीस. तुम्ही चाळीस माणसांना लाल टोप्या घालून स्टँडवर उभं केलंत. हे किरणोत्सर्गी हार्मोन. त्यांच्या गर्दीत पेशंटच्या रक्तातलं साधं हार्मोन मिसळलं, बिनटोपीचे प्रवासी. किती ते माहीत नाही, तेच तर शोधायचंय. गाडी लागली, एकच झुंबड, ज्याला मिळाली त्याची जागा. दार बंद झालं की खाली राहिलेल्यांना हाकलायचं आणि आतल्या लाल टोप्या मोजायच्या. चाळीसच्या चाळीस लाल? मग बिनटोपीचं कुणी आलंच नव्हतं. वीसच लाल? मग तेवढेच साधे प्रवासी घुसले असणार. जे मोजायचंय त्याला हात न लावता, त्यानं कुणाकुणाला उठवलं यावरून त्याची संख्या काढायची. टोप्या किरणोत्सर्गी असल्यानं काउंटर त्या एकेक टिपतो. उंदराला जे कधीच ऐकू आलं नसतं ते इथं ऐकू येतं.

१९६० च्या सुमारास ही पद्धत बाहेर आली, रेडिओइम्युनोअसे. दोघांनी पेटंट घेतलं नाही. तुमच्या लॅबमधल्या निवृत्तीला आलेल्या काकांना विचारा. वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून आलेली किरणोत्सर्गी किट, गॅमा काउंटरची टिकटिक, हे सगळं त्यांनी हातानं केलंय.

मग आता एचसीजी मोजायला हरकत काय? एक होती, आणि ती आडनावाची होती.

एचसीजी दोन तुकड्यांचं बनतं. अल्फा तुकडा ९२ अमिनो आम्लांचा. पण मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणाऱ्या एलएच, एफएसएच आणि टीएसएच या तीन हार्मोनांतही तोच तुकडा असतो. चौघांचं आडनाव एकच म्हणा ना. दुसरा तुकडा बीटा, तो ज्याचा त्याचा. सशाला अख्खं एचसीजी टोचून मिळवलेली अँटिबॉडी आडनावावर भुलायची. एलएचचा बीटा तुकडाही एचसीजीच्या बीटासारखाच दिसतो, त्यामुळं या दोघी तर जुळ्या बहिणीच. आणि एलएच प्रत्येक बाईच्या रक्तात असतं, महिन्याच्या मध्यावर उसळतं. म्हणजे आकडा खाली आला तरी एका पातळीवर येऊन अडायचा, आणि ते उरलेलं कॅन्सरचं की रोजच्या पाळीचं, सांगता येत नव्हतं. लीचं शून्य धुक्यात होतं.

१९७२. पुन्हा बेथेस्डा. तोच कॉरिडॉर, आता पिंजऱ्यांत ससे आणि थंड खोलीत काचेच्या नळ्यांच्या रांगा. ज्युडिथ व्हायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टाइन आणि त्यांचे वरिष्ठ ग्रिफ रॉस. व्हायटुकायटिस सशाला अख्खं हार्मोन देत नाही. ते फोडून वेगळा काढलेला बीटा तुकडाच घेते आणि त्याचा अगदी थोडासा अंश सशाच्या पाठीवरच्या कातडीत अनेक ठिकाणी टोचते. थोड्या मालात चांगली अँटिबॉडी मिळवण्याची ही तिची युक्ती. मग आठवडे जातात. सशाचं रक्त काढायचं, त्यातला द्रव तपासायचा. बहुतेक द्रव अजूनही एलएचला भुलतात. एक मात्र भुलत नाही. त्याच्या नळीवर लिहिलंय एसबी-६.

ती नळी हातात घ्या. एचसीजीच्या बीटाला १४५ अमिनो आम्लं, एलएचच्या बीटाला १२१. शेवटची २४ म्हणजे एचसीजीची स्वतःची शेपटी, पण फरक तेवढाच नाही. या सशाच्या रक्ताला नाव वाचता येतं, नुसतं आडनाव नाही. एलएच असतानाही त्यातून एचसीजी वेगळं दिसतं. त्या वर्षी हा शोध छापून आला, आणि ‘बीटा’ हा शब्द जगभरच्या हॉस्पिटलांत पसरला. ‘बीटा किती?’ असं तुमच्या फोनवर कुणी विचारतं तेव्हा ते नकळत या सशाचं नाव घेत असतात.

त्याच वर्षी लीला पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी बर्सन वारला, म्हणून नोबेलच्या मंचावर यॅलो त्याच्याशिवाय उभी होती.

कॅन्सरसाठी घडवलेलं हे हत्यार गर्भारपणाला लावल्यावर काय झालं? पाळी चुकायच्या सुमारासच दिवस गेल्याचं कळू लागलं. सुरुवातीला दोन-तीन दिवसांत दुप्पट होणारा आकडा दुप्पट होत नसेल तर गर्भ बीजवाहिनीत अडकलाय का, ही शंका वेळेवर येऊ लागली आणि बायका वाचल्या. आणि एक नवं दुःखही जन्माला आलं. पूर्वी जी पाळी ‘चार दिवस उशिरा आली’ म्हणून विसरली जायची, तिच्याआधी आकडा १८ होता, मग ९ झाला, हे आता कागदावर असतं. तुमच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या किती जणी हा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवतात, ते तुम्ही पाहिलंय.

पुढचे थांबे भराभर घ्या. १९७१, हॉलंडमधली ऑर्गानॉन कंपनी: किरणोत्सर्गी टोपीऐवजी रंग पाडणारं एन्झाइम, आणि त्यावर मोजलेलं हार्मोन एचसीजीच. त्याच कंपनीच्या न्यू जर्सीतल्या शाखेत काही वर्षं आधी मार्गारेट क्रेन नावाच्या डिझायनरनं आरशावर टांगलेल्या चाचणीच्या नळ्या पाहिल्या होत्या. हे तर बाई घरी करू शकेल, म्हणत तिनं पेपरक्लिपच्या प्लॅस्टिक डबीतून घरगुती किट बनवलं. पेटंट तिच्या नावावर निघालं, त्याबद्दल एक डॉलर ठरला होता, तोही तिला मिळाला नाही. १९७५, केंब्रिज: क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्यातली अँटिबॉडी हवी तेवढी बनवायची रीत शोधली, उंदराच्या पेशींतून. उंदीर परत आला, पण आता त्याची आठवण तेवढी लागते.

या अँटिबॉडीमुळं एसटीची झुंबडही संपली. आता मशीनमध्ये वडापाव चालतो. खालचा पाव एक अँटिबॉडी, वरचा पाव दुसरी, मध्ये हार्मोनचा वडा. वरच्या पावाला प्रकाश देणारं रसायन जोडलेलं. वडा असेल तरच दोन्ही पाव एकत्र टिकतात, नाहीतर वरचा धुऊन जातो. जितका उजेड तितके वडे. यात एक गोची आहे. वडे बेसुमार झाले तर खालचा प्रत्येक पाव एक वडा धरतो, वरचा प्रत्येक पाव दुसराच धरतो, जोडीच लागत नाही. सगळं धुऊन जातं आणि मशीन म्हणतं, फारसं काही नाही.

द्राक्षगर्भात कधी कधी नेमकं हेच होतं. तिची पहिली नळी आठवतेय? घरच्या पट्टीवरची दुसरी रेघ पुसट, मशीनवरचा आकडाही सोनोग्राफीशी न जुळणारा. तेव्हा तुम्हीच नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा लावला होता, आणि आकडा लाखांत गेला. बर्लिनचे डॉक्टर उंदरांपुढं हेच तर करत होते.

आणि ती पट्टी. १९८८ नंतर घरोघर गेलेली, आशाताईंच्या पिशवीत ‘निश्चय’ नावानं असणारी. अशा बहुतेक पट्ट्यांची गुलाबी रेघ म्हणजे सोनं असतं, इतके बारीक कण की पिवळे दिसतच नाहीत. त्या सोन्यावर उंदराची अँटिबॉडी. पट्टी नीट चालली हे सांगणाऱ्या वरच्या रेघेत बहुतेकदा बकरीची. ससा, उंदीर, बकरी, कुणीच बाहेर पडलेलं नाही. प्रत्येक चाचणीमागं मारायचं तेवढं थांबलं.

सूर उतरतो. झाकणाखाली टक् असा आवाज.

नळीत जेलच्या वर सीरम आलंय, पातळ मधाच्या रंगाचं. तुम्ही ती मशीनच्या रॅकमध्ये लावता. सुई बुडते, थेंब उचलते. अठरा मिनिटं. आकडा एमआययू या एककात येतो; पाच एमआययू म्हणजे एका मिलिलिटरात ढोबळमानानं ग्रॅमचा दोनशे कोटीवा भाग. आज हिच्या नळीत त्याहून कमी आहे का, एवढंच विचारायचंय. शून्य कधीच का येत नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. पन्नाशी उलटलेल्या, कधीच गरोदर नसलेल्या बाईच्या रक्तातही पिट्युटरी चिमूटभर एचसीजी सोडते. आणि मशीनला ठरावीक उजेडाच्या खालचं दिसत नाही, उंदराला ऐकू येत नव्हतं तसंच.

पडद्यावर ओळ उमटते. आकड्याच्या आधी एक तिरकं चिन्ह, चोच डावीकडं: < १.२.

तुम्ही क्वालिटी कंट्रोलची पट्टी एकदा तपासता, सही करता, प्रिंट काढता. बाहेर काकू थर्मासचं झाकण बंद करून उभ्या राहतात.

‘शून्य आलं?’

‘एक पूर्णांक दोनपेक्षा कमी आलंय.’

त्या कागद दिव्याखाली धरतात, चिन्हावर बोट ठेवतात. ‘पेक्षा कमी म्हणजे किती?’

‘त्याच्या खालचं मशीनला दिसत नाही, काकू. डॉक्टरांना दाखवा. अजून दोन सोमवार यायला लागेल बहुतेक, मग महिन्या-महिन्यानं.’

काकू कागदाची घडी घालतात, पिशवीत थर्मासशेजारी सरकवतात. दारापर्यंत जातात, मग वळतात.

‘पुढच्या सोमवारी उपाशी आणायचं का तिला?’

‘नाही हो. बीटाला उपाशी लागत नाही.’